तूट

माझ्याआधी कोठाराचा हिशेब बाप लिहायचा.
ओमुल मासळीच्या दोन पिंपांची तूट आली त्या हिवाळ्यात
त्याला घेऊन गेले.
परत आला तेव्हा
घरातल्या साखरेचे खडेही मोजायला लागला होता.
त्याच्यामागे बावीस वर्षं मी लिहिला.
पिंपं मोजली, मीठ मोजलं,
मोजणाऱ्यांच्या खिशांवर नजर ठेवली.

आता बैकालच्या बर्फावर, या तंबूत,
आले आहे ती फक्त रांधायला.
पण झोरिग्तोची वही उघडी पडलेली असते
आणि डोळ्यांची खोड जात नाही.

तो बर्फाला भोक पाडतो,
रेशमी जाळं सोडतो खाली, अडीचशे मीटर.
वर येतं बाटलीभर धुकं.
भिंगाखाली धरलं की धुक्याला पाय फुटतात:
कणीहून बारीक झिंगे, काचेचे,
सगळे कुठल्याशा घाईत.

"हजार किलो शेवाळ खाल्लं, दुल्मा आजी,
तर यांचं अंग भरतं शंभर किलो.
यांना शंभर किलो खाल्लं, की दहा किलो गोलोम्यांका.
दहा किलो त्या माशात
एक किलो नेर्पा."

नेर्पा म्हणजे आमची सील. डोळे ओले, पोट गोल.
चहात मीठ टाकता टाकता माझा हात थांबला.
"आणि बाकीचे?"
"गेले."
"गेले कुठं?"
"उष्णतेत."

आमच्या वेळी असं उत्तर देऊन बघायचं होतंस!
दर उंबऱ्यावर दहातले नऊ गायब,
आणि तपासनीस पान उलटून पुढं जातो?
पोरा, याला तूट म्हणत नाहीत.
हा दरोडा.

तो हसला. म्हणाला, वरून बघ.
वाऱ्याने झाडून काढलेला बर्फ,
मीटरभर जाड आणि तरी आरपार.
त्यातून ऊन खाली उतरतं,
बर्फाच्या पोटाला चिकटलेलं शेवाळ ते चाटतं.
आणि त्या उन्हातलं त्याच्या पदरात किती?
शंभरात एकसुद्धा धड नाही.
म्हणजे माल गाडीतून उतरतानाच सांडलेला.
मी झारा आपटला आणि भांडी विसळायला घेतली.

रात्री खरकटं पाणी फेकायला बाहेर गेले.
थंडी अशी की थुंकी खाली पडेपर्यंत खडा.
तंबूपासून लांब, मुठीएवढ्या भोकाशी
कुणीतरी श्वास सोडला.
लांब, म्हाताऱ्यासारखा, सगळं आत्ताच आठवल्यासारखा.
भोकाच्या काठावर हिमाची फुलं.
त्यांतून वाफ, चांदण्यात उभी,
मग विरलेली.
पुन्हा श्वास. पुन्हा वाफ.

खाली ती नखांनी बर्फ खरवडत होती,
भोक मिटू नये म्हणून.
नऊ इथं होते.
खरवडण्यात, पोहण्यात,
काळ्या पाण्यात रक्त कोमट ठेवण्यात.
एका किलोची सील उरावी म्हणून नव्हे,
ती आज रात्री असावी म्हणून
खर्च झालेले.

मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे.
माझ्याही तोंडातून जात होतंच की,
दुपारची शेवयांची आमटी,
पांढरी, आभाळाकडे.

मग बापाची दोन पिंपं आठवली.
चोर कधी सापडला नाही.
गावात त्या वर्षी वीस-बावीस पोरं होती,
शेगड्या थंड,
आणि वसंतात मोजली तेव्हा
सगळी होती.
हे मला आजवर कुणी जोडून दाखवलं नव्हतं.
बापाला तर नाहीच.
त्याला त्यातून काय मिळालं असतं, तेही ठाऊक नाही.

सकाळी झोरिग्तोने तीन वाडगे रिचवले.
काटकुळा तो काटकुळाच,
फक्त कानाच्या पाळ्या लालबुंद.
मी चौथा भरला.
मांडला नाही कुठे.